धुऱ्यावरचा पंच

उंद्रीजवळ आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे शेजाऱ्याच्या नि माझ्या मधल्या बांधावर, एक दांडगी बाभूळ आहे. तिच्या सावलीत मी शिदोरी सोडतो आणि त्याच सावलीनं शेजाऱ्याच्या कपाशीची पराटी खुरटते. म्हणून दर दिवाळीनंतर शेजारी म्हणतो, "मुळासकट काढू इले!" आणि मी म्हणतो, "हात तं लावून पाह्य!"

नेमका तेव्हाच एक बकऱ्यावाला उगवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काठीवर हनुवटी टेकवून तो दोघांचंही शेवटपर्यंत ऐकतो. मग एक डोळा मिटून झाड जोखतो आणि निकाल देतो, "पुरी काऊन तोडता बाप्पा? फांद्या उतरवा. सावलीबी हटते, झाडबी राह्यते."

आम्हाला पटतं. फांद्या उतरतात आणि त्याच्या बकऱ्या संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तुटून पडतात. इतका निःपक्षपाती माणूस तालुक्यात नाही, असं मी घरी सांगायचो.

औंदा मात्र आम्ही भांडायचंच विसरलो. धुऱ्यावर बसून दोघं चहा पीत होतो. बकऱ्यावाला आला, जरा ताटकळला, खाकरला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "औंदा सावली लयच पसरली बाप्पा तुमच्या पराटीवर!"

शेजाऱ्यानं कप खाली ठेवला. बकऱ्या आधीपासूनच वर पाहत उभ्या होत्या.