पुस्तकातला मोठा आकडा

परवा मुलाची गाडी दुरुस्तीला नेली होती. तिथल्या मेकॅनिकनं बोल्ट आवळला, ठरलेल्या जोरावर पाना ‘कट्’ वाजला आणि त्याचा हात थांबला. मला गफूर मिस्त्री आठवले.

सत्तरच्या दशकात मी शिरपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. एका दुपारी गफूर मिस्त्री गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे त्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन उघडून बसले होते. हा माणूस जन्मभर हाताच्या अंदाजानं बोल्ट आवळत आलेला. त्या दिवशी मात्र त्यांनी जोर दाखवणारा, काट्याचा पाना कुठून तरी मागून आणला होता. ग्रीसनं माखलेली बोटं पायजम्याला पुसून त्यांनी मोटारीचं इंग्रजी पुस्तक माझ्या हाती दिलं.

“गुरुजी, हेडचा बोल्ट किती आवळाचा, वाचून सांगा बरं.”

तक्त्यात दोन आकडे होते. त्यातला हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टचा कोणता, मला कळेना. भोवती चार माणसं उभी. मी ठसक्यात मोठा आकडा सांगितला.

काटा तिथवर पोचायच्या आधीच मिस्त्री थबकले. “गुरुजी, हात म्हनते का बस झालं.”

“हाताचं काय आयकता? पुस्तकात लिवलं हाये!” बघ्यांतला एक जण म्हणाला.

त्यांनी आवळला. बोल्ट तुटला, अर्धा आतच राहिला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले.

“हात चुकला माहा, सायेब,” मिस्त्री खाली मान घालून म्हणाले.

माझ्या हातातलं पुस्तक पाहून डॉक्टरांनी मला विचारलं, “गुरुजी, तुम्ही तर आकडा बरोबरच सांगितला होता ना?”

मी पुस्तक मिटलं आणि मान डोलावली.