साधी चरबीची गाठ

शोभाताई भोयरांना राग यायला एरवीही कारण लागत नसे, पण त्या आठवड्यात तर कारणांची रांगच लागली होती. लेक अश्लेषा मेलबर्नला दिवसांत होती. नववा लागला होता. शुक्रवारी सकाळच्या विमानानं शोभाताईंना बाळंतपणासाठी निघायचं होतं. नागपूर ते दिल्ली, अन् दिल्लीहून पुढं सलग बारा-तेरा तास, तेही एकटीनं, कारण नवरा बाबाराव बारशाला मागाहून जाणार होते. आणि मानेवाड्याच्या त्या घरात जो तो उठून एकेक पिशवी आणून ठेवत होता. समोरच्या घरून सांडगे, वरच्या मजल्यावरून मुगवड्या, भिवापूरच्या थोरल्या नणंदेकडून, म्हणजे कुसुमताईंकडून, तीन किलो लाल तिखट. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तर इथं रामटेकच्या व्याह्यांनी खरंच पाच किलो नवा तांदूळ धाडला होता.

"अहो, हे सारं उचलन कोण?" शोभाताई कडाडल्या. "तिथं विमानतळावरच फेकून देतात तांदूळ-बिंदूळ! कोणाले अक्कल म्हणून नाही."

"सांग ना मग लोकायले," बाबाराव म्हणाले. "माह्या हाताले वजन चालत नाही म्हणून सांग."

"हाव! अन् काहून चालत नाही म्हणून विचारलं तं?"

इथं बाबाराव पुन्हा पिशव्या मोजू लागत. कारण खरी भानगड तिथंच होती.

तीन वर्षांपूर्वी शोभाताईंच्या उजव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सोबत काखेतल्या गाठीही काढल्या. नेमकं तेव्हाच अश्लेषाचं रामटेकच्या रजतशी जुळत आलं होतं. आईला कॅन्सर म्हटलं की लोक लेकीकडेही वाकड्या नजरेनं पाहतात, हे शोभाताईंनी दोन घरी डोळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यातून घरी येताच त्यांनी हुकूम काढला: साधी चरबीची गाठ होती, काढून टाकली, विषय संपला. केमो लागली नाही, गोळ्यांवर भागलं, केस जागेवर राहिले, म्हणून खोटं पचलं. रेडिएशनसाठी रोज दवाखान्यात जात, तेव्हा 'खांदा जखडला, शेकायले जातो' असं सांगून त्यांनी अख्खी गल्ली गार केली. खरं काय ते फक्त नवऱ्याला अन् लेकीला ठाऊक.

आता गंमत पाहा. ही बाई एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. दाखल्यावरची जन्मतारीख एका दिवसानं बदलून द्या म्हणून मोठमोठे लोक हात जोडून गेले, बाईंनी पेन उचललं नाही. "खोटी नोंद माह्या हातून होणार नाही," असं तोंडावर सांगायच्या. आणि त्याच बाईंनी स्वतःच्या अंगाची एवढी मोठी खोटी नोंद करून ठेवली. लेकीचं लग्न झालं, दोन वर्षं झाली, तरी मूठ काही उघडेना. बाबाराव म्हणत, सांगून टाक आता. बाई म्हणत, पुढच्या महिन्यात पाहू. झाकली मूठ सव्वा लाखाची, बसा चूप.

हात मात्र चूप बसला नाही. मागच्या उन्हाळ्यात शोभाताईंनी हट्टानं शेजारणींसोबत चार दिवस कुरड्यांचा चीक घाटला, सोऱ्या दाबला, अन् उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत फुगला. दवाखान्यातल्या मधुवंती मॅडम, हाताच्या सुजेचंच काम पाहणाऱ्या, त्यांनी तीन आठवडे पट्ट्या बांधून तो उतरवला. हातातलं पाणी काखेतल्या गाठींमधून वर जातं, त्या गाठी काढल्या की निचरा कमी पडतो, असं त्यांनी समजावलं. बाबारावांना एका झटक्यात समजलं. जन्मभर कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढलेला माणूस तो. "म्हणजे ड्रेन लाइन अर्धी बंद झाली," ते म्हणाले, अन् त्या दिवसापासून बायकोच्या हाताचा ताबा त्यांनी स्वतःकडे घेतला.

रोज सकाळी सहाला ते टेप घेऊन हजर. मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर, तीन ठिकाणी मापायचं अन् वहीत मांडायचं. ताप नुसता! विमानाचं ठरल्यापासून तर कहर झाला. मधुवंती मॅडमनी सांगितलं होतं, विमानात बसलं की सगळ्यांचाच हात सुजतो असं नाही, पण तुमचा एकदा सुजलाय, तेव्हा जपून जायचं. हाताच्या मापाची, सूज दाबून धरणारी बाही शिवून आणली होती, सोबत पंजालाही तसंच. विमानात चढण्याआधी घालायची, उतरल्यावर तासाभरानं काढायची. अधूनमधून मूठ उघडझाप करायची, पाणी प्यायचं, उठून दोन चकरा मारायच्या, त्या हातानं बॅग उचलायची नाही, अन् बाहीशिवाय त्या हातावर दुसरं काही घट्ट नको. तंग ब्लाउज नको, घड्याळ नको, बांगडी नको.

एवढं सांगणं पुरे होतं की नाही? पण नाही. बाबारावांनी बायकोला खुर्चीवर बसवून मोबाइलवर तासातासाचा गजर लावला. गजर वाजला की मूठ, मग पाणी, मग स्वयंपाकघरापर्यंत चक्कर. विमान मानेवाड्यातूनच उडालं म्हणा ना. दुसऱ्या दिवशी चौथ्या गजराला शोभाताईंनी मोबाइल गव्हाच्या डब्यात टाकून दिला.

मंगळवारी सकाळी कुसुमताई मुक्कामाला आल्या, त्या बांगडीवालीला सोबत घेऊनच.

"सात समुद्र पार चालली तू," त्या म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण कराले अशा भुंड्या हातानं जाशीन काय? तीन साल झाले, उजव्या हातात एक काकण नाही तुह्या. ॲलर्जी म्हणे! काचेची कुठं ॲलर्जी राहते वं?"

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. ओटीचं तबक तयार होतं. शोभाताईंनी डावा हात पुढं केला. मग बांगडीवालीनं उजवा मागितला. नको म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण नको म्हटलं की काहून नको, अन् काहून नको म्हटलं की सगळं आलंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बांगडीवालीनं साबण लावून पंजा दाबला, अंगठा मुडपला, अन् मोजून सहा हिरव्या बांगड्या चढवल्या, त्याही मापाला तंग. सैल बांगडी वाढते लवकर, असं तिचं म्हणणं. वाढते म्हणजे फुटते; सवाष्णीच्या बांगडीला फुटली कोणी म्हणत नाही.

खरं सांगायचं तर शोभाताईंना बरंही वाटलं. तीन वर्षांनी त्या हाताचा आवाज आला होता. रात्रीपर्यंत काढून टाकू, असं त्यांनी मनात म्हटलं. दुपारी त्याच हातानं डिंकाचे लाडू वळले, संध्याकाळी बॅगेचं झाकण दाबून बसवलं, अन् रात्री काढायला गेल्या तर बांगड्या हलेनात. बुधवारी सकाळी टेप घेऊन आलेल्या बाबारावांना त्यांनी हाकलून दिलं. "आज माप-बीप काही नाही! मले आंघोळीले जायचं आहे."

दुपारपर्यंत बोटं टम्म झाली. बांगड्या मनगटात रुतल्या. शोभाताईंनी खोलीचं दार लावून डाव्या हातानं बाही चढवून पाहिली, ती पंजाच्या पुढं सरकली नाही. तेव्हा मात्र त्यांना धडकी भरली. त्यांनी दार उघडून नवऱ्याला हाक मारली.

बाबारावांनी हात पाहिला. त्यांनी मधुवंती मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आधी त्या बांगड्या काढा," मॅडम म्हणाल्या. "त्या हाताला ओरखडा मात्र लागता कामा नये, जखम झाली तर आणखी पंचाईत. हात वर उशीवर ठेवा आणि उद्या दहाला घेऊन या. सूज उतरून बाही बसली तर जा. नाही बसली तर मी पाठवणार नाही, स्पष्ट सांगते. सुजलेल्या हातावर बाही कोंबून तेरा तास बसायचं नाही, आणि बाहीशिवायही जायचं नाही."

"मॅडम, लेकीचे दिवस भरत आले हो."

"म्हणूनच सांगते. तिथं जाऊन बाळ उचलायचंय ना तुम्हाला?"

साबण झाला, खोबरेल तेल झालं, काही उपयोग नाही. बाबाराव उठले, अवजारांच्या डब्यातून पकड घेऊन आले, अन् ओला पंचा बांगड्यांखाली सरकवू लागले. तेवढ्यात कुसुमताई आत आल्या.

"काय करून राहिला गा बाबाराव! येडा झाला काय?" त्या किंचाळल्याच. "नवऱ्यानं बायकोच्या बांगड्या फोडाच्या? अरे, त्या कवा फोडतात ठाऊक आहे ना तुले?"

"ठाऊक आहे, ताई." बाबारावांनी मान वर केली नाही. "मी मेल्यावर फोडतात. मी जिता आहो म्हणूनच फोडून राहिलो. हा हात वाचला पाहिजे मले."

पकडीनं पहिली बांगडी कट्कन तुटली. शोभाताईंनी डोळे मिटले. बाबारावांनी तुकडे पंचात गोळा केले, दुसरी धरली. अशा एकेक करून सहाही तोडल्या. ओरखडा मात्र एक लागला नाही.

"असं काय झालं तिच्या हाताले?" कुसुमताईंनी विचारलं. "कोणी मले सांगन काय?"

आणि तीन वर्षं शिवून ठेवलेलं तोंड शोभाताईंनी अखेर उसवलं. रडून नाही, चिडून. "कॅन्सर होता मले, ताई! चरबीची गाठ नव्हती. स्तनातला कॅन्सर. काखेतल्या गाठी काढल्या म्हणून हात सुजते. झालं समाधान? आता सांगा जाऊन साऱ्या नागपुराले!"

कुसुमताई तिथंच खाली बसल्या. एवढी तोंडाळ बाई, पण पदराचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत राहिली. बाबाराव पंचा घेऊन बाहेर गेले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "मलेही आहे वं, शोभा."

"काय आहे?"

"गाठ. डाव्या बाजूले. दिवाळीपासून."

"दिवाळी! अहो ताई, आता होळी आली! तोंडाले काय कुलूप लावलं होतं काय तुम्ही?" शोभाताई उशीवरचा हात विसरून उठून बसल्या. "डॉक्टरले दाखवलं? भाऊजीयले सांगितलं? नाही ना? एवढ्या शहाण्या बाईले कळू नये!"

"दुखत नव्हती," कुसुमताई म्हणाल्या. "अन् तुही निघाली होती ना साधी चरबीची. म्हणून म्या म्हटलं, माहीही तशीच असन."

शोभाताईंच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य होतं ते. तीन वर्षं घासूनपुसून वापरलेलं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिघंही दवाखान्यात होती. मधुवंती मॅडमनी माप घेतलं, बाही चढवून पाहिली, काढून ठेवली. सूज निम्मी उतरली होती, पण निम्मी होतीच. "शुक्रवारचं विमान विसरा," त्या म्हणाल्या. "रोज येऊन पट्ट्या बांधून घ्या, आठ दिवसांत पाठवते." शोभाताई भडकल्या. बांगडीवालीवर, लाडवांवर, तांदळावर, दिल्लीच्या विमानावर. मेलबर्नला फोन लावला तेव्हा अश्लेषा म्हणाली, "आई, तू सांगितलं का नाही गं आत्याला? एवढंच तर सांगायचं होतं." लेकीला तिथं एकटीनं कळा सुरू झाल्या तर काय, हा विचार मनात आला अन् फोन ठेवल्यावर शोभाताई पहिल्यांदा रडल्या. पण तिथं फार वेळ बसता येईना. खालच्या मजल्यावर कुसुमताईंचा केसपेपर काढायचा होता.

खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "काय त्रास आहे?"

कुसुमताई इकडेतिकडे पाहू लागल्या. मागं रांग होती. "अशीच... साधी..." त्या पुटपुटल्या.

"स्तनात गाठ आहे," शोभाताई रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "डाव्या. चार-पाच महिन्यांपासून. लिहा."

मग दोघी बाकड्यावर बसल्या. पट्ट्या बांधलेला हात शोभाताईंनी मांडीवरच्या पिशवीवर उंच ठेवला होता. बाबाराव पाणी आणायला गेले होते. कुसुमताई म्हणाल्या, "शोभा, तू उद्या चालली गेली असती, तं मी कोणाले सांगितलं असतं वं?"

आतून नंबर पुकारला, तेव्हा कुसुमताईंच्या आधी शोभाताई उठल्या, अन् डाव्या हातानं नणंदेचा हात धरून आत गेल्या.