लिफ्टदादा वर राहिले

लिफ्टदादांनी आयुष्यभर लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर संसार केला. यावर कुणी हसलं की ते म्हणत, "दिवसभर तेच, घरीही तेच? कंटाळा नाही का येत माणसाला?"

त्यांची नोकरी एका जुन्या कचेरीच्या इमारतीत. लिफ्ट जाळीच्या दाराची, पितळी मुठीवर चालणारी. वर नेताना मूठ जरा लवकर सोडली तर लिफ्टची गाडी मजल्याच्या वीतभर खाली अडायची, उशिरा सोडली तर वीतभर वर. दादांच्या हातून मात्र ती मजल्याला अशी लागायची, की साहेबांच्या कपातला चहाही हलत नसे. हे अर्थात त्यांचंच म्हणणं, आणि दरवेळी सांगताना कप थोडा जास्तच भरलेला असे.

एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. संध्याकाळी गाडी वर सोडून घरी जायचं नाही. शेवटचा माणूस उतरला, की तिला तळमजल्यावर आणायची, जाळी ओढायची, आणि मगच डोक्यावरची टोपी काढायची.

त्याच इमारतीचा दरवान त्यांचा जिवाभावाचा दोस्त. तो यांना 'लिफ्ट' म्हणे, हे त्याला 'दरवाजा' म्हणत. आल्यागेल्या प्रत्येकासाठी तो समोरचं काचेचं मोठं दार उघडायचा. पण नोकरमाणसांनी यायचं मागच्या बोळातून, त्यामुळे दादांसाठी ते दार उघडायची वेळ कधी आलीच नाही. "एकदा ये की पुढून," दरवाजा म्हणे. "बघू तरी साहेबासारखा दिसतोस का."

"दोघांचीही नोकरी घालवशील," दादा म्हणत आणि बोळातून आत शिरत.

निवृत्त झाल्यावर दोघं रोज दुपारी दादांच्या इमारतीखालच्या बाकावर बसत. मग गेल्या वर्षी दादा जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला, फक्त जिना आडवा उतरा, कठड्याकडे तोंड करून, तो धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

दादा घरात तुरुतुरु चालत, पण जिन्याच्या तोंडाशी गेले की मागे फिरत. आज गुडघा धरलाय, आज ऊन आहे, आज जिन्यातला दिवा गेलाय. कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं, ते घाबरले होते. आणि आडवं उतरायचं म्हणजे खेकड्यासारखं, ते लोकांनी बघायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हे असंच चाललं तर हा माणूस आता चौघांच्या खांद्यावरूनच खाली जाणार, ही भीती बायकोला दिवसरात्र खात होती.

दरवाजाला दम्यामुळे वर चढवत नसे. तो खाली बाकावर, हे वर खिडकीत, आणि गप्पा अख्ख्या गल्लीला ऐकू जाणाऱ्या.

एके दिवशी सून जाडजूड डबड्यासारखा एक चष्मा घेऊन घरी आली. ती संगणकावर जुनी शहरं उभी करणाऱ्या कंपनीत होती. "बाबा, वयस्कर माणसांना हे झेपतं का, ते बघायचंय. माया लोकांचं शहर आहे. आता जंगलात पडझड झालेलं आहे. नांदतं होतं तेव्हा कसं असेल, तसं आम्ही केलंय. हा डोळ्यांना लावला की आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं. त्यातल्या पायऱ्या करायचं काम माझ्याकडे होतं."

"आणि चालायचं कसं?"

तिने त्यांच्या हातात दोन मुठी दिल्या. "ही पुढे ढकलली की पुढे."

"मूठ आहे होय! मग जमेल," म्हणत दादा खुर्चीत ताठ बसले.

चष्म्याच्या आत भला थोरला चौक होता, पांढऱ्या गिलाव्याचा, ऊन पडून डोळे दिपतील असा. चारी बाजूंना देवळं, लाल रंगात न्हालेली. कोरीव उभे दगड, आणि त्यांवर पिसांचे मुकुट घातलेले राजे. उतरत्या भिंतींमधलं चेंडू खेळायचं मैदान. झाडीत कुठेतरी माकडं अशी गर्जत होती, की दादांनी पहिल्या दिवशी पाय वर घेतले. दुसऱ्या दिवशी ते माकडांवर खेकसले. आठवड्याभरात त्यांना तिथली गल्ली न् गल्ली पाठ झाली, आणि दुपारी खिडकीतून दरवाजाला सगळा अहवाल जाऊ लागला.

"अरे, देऊळ केवढं उंच! आणि लिफ्ट नाही! बांधणाऱ्यांना म्हातारे आईबाप नव्हते की काय?"

"वर काय आहे पण?" दरवाजाने खालून ओरडून विचारलं.

वर दादा गेलेच नव्हते. दोस्ताने विचारलं आणि आपल्याला सांगता येऊ नये, हे त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूठ पुढे ढकलली आणि सरळ देवळाचा माथा गाठला. वर वारा वाहत होता. खाली नजर पोचेल तिथवर जंगल, त्यातून डोकं काढलेले दुसऱ्या देवळांचे माथे, आणि झाडीतून सरळ गेलेला एक पांढरा रस्ता. दादांना इतका आनंद झाला, की ते मोठ्याने हसले.

मग ते वळले. पायऱ्या दिसतच नव्हत्या. पायांपुढे कडा, आणि एकदम तळाला चौक. त्यांनी चष्मा ओढून काढला आणि "चहा टाक गं" म्हणाले.

चहा तसाच राहिला. रात्रीच्या जेवणातही मन लागेना.

"काय होतंय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"मी वर राहिलोय."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "अहो, तुम्ही इथे बसलायत."

"गाडी वर सोडून आलोय गं. इतक्या वर्षांत कधी असं केलं नाही."

सुनेला हसू आवरेना. "बाबा, एक बटण दाबलं की तुम्ही खाली. थांबा, मीच आणते."

"खबरदार!" दादा कडाडले. "माझी गाडी मीच खाली आणणार."

त्यांचा चेहरा बघून सुनेचं हसू मावळलं. सकाळी तिने त्यांना खुर्चीतून उठवून, चष्मा लावून भिंतीपाशी उभं केलं आणि हात भिंतीवरच्या लांबलचक फळीवर ठेवला. "आता मूठ नको. तुम्ही इथे पाय उचलाल, तसे तिथे उतराल. मी शेजारीच आहे."

दादांनी पाय पुढे टाकला. तिथली पायरी इतकी अरुंद, की अर्धं पाऊल बाहेर. "सूनबाई, पायरीत चूक झालीये तुमची. पाऊल मावत नाही."

"चूक नाही बाबा. तिथे अशाच आहेत. आजही बघायला जाणारे लोक आडवेच उतरतात."

"सगळे? तरणेसुद्धा?"

"सगळे."

"डॉक्टर वर्षभर दुसरं काय सांगतायत?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

दादा फळीकडे तोंड करून आडवे वळले, ती घट्ट धरली, एक पाय टेकवला, मग दुसरा. मध्ये एकदा ते एकाच पायरीवर इतका वेळ अडले, की सुनेने चष्म्याकडे हात नेला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. चौकात पोचल्यावर त्यांनी डाव्या हाताने हवेतली जाळी ओढली आणि तोंडाने आवाजही काढला, "घर्रर्र, खट्!" सदरा घामाने भिजला होता. "आता वाढ," ते बायकोला म्हणाले, आणि पोटभर जेवले.

दुपारी दरवाजा येऊन बाकावर बसला. "ए लिफ्ट!" त्याने हाक मारली. खिडकी रिकामी. पुन्हा हाक मारली. तो उठून इमारतीच्या दाराशी आला आणि काचेतून आत डोकावला.

जिन्यावर आधी एक चप्पल दिसली, आडवी. मग तिच्या शेजारी दुसरी.

"अहो, सावकाश," मागून बायको म्हणत होती.

"बोलू नकोस, गाडी चालू आहे." दादांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज नोकरीतला होता. "पहिला मजला!"

दरवाजा काचेतून एकेक पायरी बघत राहिला. शेवटच्या पायरीवरून दोन्ही पाय फरशीला लागले.

"तळमजला," दादा म्हणाले.

तेव्हा दरवाजाने सदऱ्याची वरची गुंडी लावली, टाचा जुळवल्या, आणि इमारतीचं जड दार पूर्ण उघडून धरलं. "या साहेब," तो म्हणाला.

दादा आधी मागे वळले, हवेतली जाळी ओढली, आणि मग पुढच्या दाराने बाहेर आले.