पट्टेदार व्हायला तयार नसलेले खुशालराव

खुशालरावांना नुसतं ‘खुशालराव’ म्हटलेलं चालत नाही. ‘मालक’ म्हणावं लागतं. अमरावतीतल्या आमच्या इमारतीत दूधवाला म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो, आणि भाजीत मीठ कमी पडलं की त्यांची बायको गोदाबाईही म्हणतात.

चांदूर रेल्वेजवळ त्यांचं काळ्या मातीचं वावर आहे. त्या वावरात त्यांचा पाय शेवटचा कधी पडला, हे वावरालाही आठवत नसेल. ते ठोक्यानं दिलेलं आहे. म्हणजे वर्षाची रक्कम ठरवायची आणि कसायचं दुसऱ्यानं. दर पाडव्याला तो ठोकेदार आणखी एका वर्षासाठी मागायला येतो. खुशालराव आधी आंघोळ करतात, मग पूजा, मग पेपर, आणि मग विचारतात, “आला काय तो?” तो बिचारा तोवर पायपुसण्याशेजारी बसून असतो.

अशा माणसापुढे गेल्या वर्षी एक अर्ज सहीला आला.

आमची इमारत नझुलाच्या जागेवर उभी आहे. फ्लॅट आपले, पण खालची जमीन सरकारची, पट्ट्यानं मिळालेली. पट्ट्याची मुदत संपली होती. ती वाढवून घ्यायची, तर एकाच अर्जावर सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या सह्या हव्या होत्या. खरी निकड होती वरच्या मजल्यावरच्या ताराबाईंना. निवृत्त शिक्षिका, एकट्या, आणि गुडघ्यांचं जिन्याशी वैर. फ्लॅट विकून त्यांना अकोल्याला लेकीजवळ जायचं होतं. गिऱ्हाईक ठरलं होतं, पण त्याची बँक अडून बसली होती : आधी पट्टा वाढवून आणा.

बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. खुशालरावांनी चष्मा चढवला.

“हे काय लिवलं? पट्टेदार?”

“आपण सगळेच पट्टेदार,” ताराबाई म्हणाल्या.

“तुमी असान, मास्तरीणबाई. मी मालक हाव.”

“फ्लॅटचे. जमिनीचा मालक सरकार आहे.”

“म्हंजे मी ठोकेदार? आमच्या सात पिढ्यांत कोनी दुसऱ्याच्या जमिनीवर रायलं नाही. अन् आता मी हात जोडू काय, का मायबाप, राहू द्या म्हनून?”

“दर पाडव्याला तुमच्या दारात एक जण तेच करतो की. काही बिघडलं का त्याचं?”

स्वयंपाकघरात गोदाबाईंना ठसका लागला.

“त्याची गोष्ट येगळी हाय.”

“ती कशी?”

“तो तो हाय, मी मी हाव!”

जन्मभर मठ्ठ पोरांना भूगोल शिकवलेल्या ताराबाई या उत्तरापुढे हरल्या. खुशालराव मात्र चौकातल्या पानठेल्यावर जाऊन जिंकून आले. “सरकार काय बिल्डिंग उचलून नेते काय बे? ट्रकात भरते?” ठेल्यावरचे सगळे हसले. ते पान खायला आलेले होते, त्यांचं काय जात होतं?

एक सही कमी म्हणून अर्ज परत आला. गिऱ्हाईक कंटाळलं आणि त्यानं बडनेऱ्याकडं दुसरा फ्लॅट घेतला. जिन्यात गाठ पडली तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, “गेलं गिऱ्हाईक. तुमच्या एका सहीपायी.”

“दुसरं येईन ना. अमरावतीत मानसं कमी हायेत काय?” खुशालराव म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या सोडत उतरून गेले. गुडघे त्यांचे उत्तम आहेत.

यंदा त्यांच्या मुलाची, श्यामची सोयरीक निघाली. मुलगी अकोल्याची, नीलम. तिचे वडील रामराव कापसाच्या बाजारातले अडते. माल हाताळल्याशिवाय भाव न सांगणारा माणूस. पोहे झाले, चहा झाला, मग त्यांनी विचारलं, “घर सोताचं ना?”

“मंग! मालकीचं हाय!”

“कागद पाहू एकडाव.”

खुशालरावांनी ऐटीत फाईल काढून दिली. रामरावांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

“हे तं पट्ट्याचं हाय जी. अन् पट्टाही सरला. वाढवला काऊन नाही?”

खुशालरावांनी पंख्याकडं पाहिलं. पंख्यानं मदत केली नाही.

“काय सांगू इवाईसाहेब, आमच्या बिल्डिंगीत एकी नाही.”

“मंग पयले ते करा. पोरगी देऊन राहिलो मी. तिच्या पायाखालची जमीन कोनाची, ते तं पाहाच लागन.”

“पाहाच,” पोह्यांची ताटली उचलता उचलता गोदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिढ्या कुठं गेल्या कोण जाणे. खुशालराव स्वतः अर्ज टाईप करून आणतात काय, दारोदार फिरतात काय! पहिली सही त्यांचीच. सगळ्यांच्या झाल्यावर ते वर चढले. नवा अर्ज म्हणजे ताराबाईंची सहीही नवी लागणार होती.

ताराबाईंनी कागद हातात घेतलाच नाही. “चष्मा सापडत नाही. तुम्हीच वाचा.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

खुशालराव पुटपुटले.

“मोठ्यानं. मागच्या बाकावरही ऐकू जायला हवं.”

“आमी खाली सही करनारे... पट्टेदार...”

“आणि जमीन कोणाच्या मालकीची?”

“शासनाच्या.”

“पुढे?”

“मुदत वाढवून देन्यात यावी, ही नम्र इनंती.”

“अर्जात ‘विनंती’ लिहिलं असेल,” त्या म्हणाल्या आणि सही केली. लेकीकडं जायचं होतं. सूड उगवायला वेळ नव्हता.

दार लोटायच्या आत जिन्यातून खुशालरावांचा फोनवरचा खणखणीत आवाज वर आला. “झालं इवाईसाहेब! एक बाई अडून बसली होती. वरीसभरापासून लय समजावून राहिलो होतो. घेतली शेवटी सही!”

ताराबाई दारात उभ्या राहून पुरतं ऐकत होत्या. मग आत येऊन त्यांनीही अकोल्याला लेकीला फोन लावला. “मैथिली, गिऱ्हाईक बघायला लाग. आणि हे बघ, विचारलं तर खरं सांग. जागा चांगली आहे, पाणी भरपूर आहे, फक्त खाली मालक राहतात.”