तळव्यावरची टिचकी

आधीच सांगते — भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी भिंगारची, ख्रिस्ती घरातली. आई नर्स, मावशी नर्स. आमच्याकडे जेवताना सुद्धा गप्पा मेलेल्या पेशंटच्या, पण त्यातलं कुणी परत आल्याचं काही ऐकलं नाही. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

संगमनेरच्या एका खाजगी हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या आयसीयूत मी काम करते. गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. दोन सिस्टर नोकरी सोडून गेलेल्या, नवीन कुणी टिकेना, त्यामुळे नाईट करून परत मॉर्निंग असं चाललेलं. थकवा म्हणजे काय सांगू... घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी मॉनिटर समजून उठायचे, आणि वॉर्डात खरा अलार्म वाजला तरी कान बंद! बाळानं पाय हलवला, वायर निसटली, की लागलंच मशीन बोंबलायला. दिवसभर तेच. कान तरी किती ऐकणार?

तेव्हा कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत 'बेबी ऑफ मंगल' होता. बारसं होईपर्यंत आमच्याकडे आईचंच नाव चालतं. अकोले तालुक्यातली माणसं. पोरगं सातव्या महिन्यातच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. मंगलची आधीची दोन गेलेली. असली कोवळी बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. मग आम्ही तळव्याला टिचकी मारतो, चांगली कचकचीत. बाळ दचकतं, चिडतं आणि श्वास घेतं. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्यांदा आईच्या छातीशी द्यायचं ठरलं होतं. त्याची आजी काचेपलीकडून सारखी एकच विचारायची, "शिस्टर, हाय ना वो आमचं?"

"हाय आजी, हाय. जा, दोन घास खाऊन घ्या."

त्या दुपारी मी त्याच्या पेटीशेजारी स्टुलावर टेकले. चप्पल काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. म्हटलं, पाचच मिनिटं... आणि डोळा लागला.

जाग आली ती टिचकीनं. माझ्याच तळव्यावर! मोज्यावरून एक, आणि लगेच दुसरी, जास्त जोरात.

"कोण आहे गं? टेकू द्याल का जरा माणसाला!" मी ओरडलेच.

समोर कुणी नव्हतं. बरोबरची सिस्टर शैला पार खिडकीजवळ एका बाळाला नळीनं दूध देत होती, दोन्ही हात अडकलेले. आणि मंगलच्या बाळाचा मॉनिटर ठणाणा करत होता. मला तो ऐकूच आला नव्हता... शैलालाही नाही. पोरगं निळं पडलेलं.

टिचकी मारली, काही नाही. परत मारली. "घे रे बाबा, घे ना श्वास!" मास्क लावून हवेचा फुगा दाबत राहिले. किती वेळ, देव जाणे. शेवटी मांजराच्या पिल्लासारखं कण्हलं, आणि ओठांवर लाली आली. मी तिथंच फरशीवर बसले.

"शैला, तू मारलीस का गं मला?"

"काय ताई, मी इथनं हलले तरी का?"

मोजा काढून बघितलं तर तळवा लाल. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, झोपेत असे झटके येतात. सुट्टी घ्या थोडी." म्हटलं, द्या की मग! तर हसले, आणि संध्याकाळची ड्यूटी माझ्याच गळ्यात. आजीला कुठून कळलं कोण जाणे, ती म्हणाली, "सटवाई आल्ती वो शिस्टर."

दुसऱ्या दिवशी मंगलनं त्याला छातीशी घेतलं. ती रडली, मीही रडले... खूप दिवसांनी.

मला कुणी उठवलं, ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांचं खरं असेल, आजीचंही असेल. भीती मात्र मला त्या टिचकीची वाटत नाही. नवीन सिस्टर अजून आलेल्या नाहीत, आणि मी आजही डबल ड्यूटी करून आलेय. पुन्हा असाच डोळा लागला, आणि उठवायला कुणी आलंच नाही तर?