मार्गदर्शक : आडवी रेघ

सांगलीच्या त्या मल्लखांब स्पर्धेचा कार्यक्रम गुळगुळीत कागदावर छापला होता. युद्धामुळे माझ्या शाळेतल्या मुलांना वह्या मिळत नव्हत्या. पण समारंभाला कागद कधी कमी पडत नाही. प्रत्येक संघाखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून एक नाव होतं आणि नावापुढं पदवी होती. आमच्या संघाखाली नुसती आडवी रेघ होती.

आम्ही सहा जण कडेगावकडचे. चौघे शेतकरी, एक शिंपी आणि मी शाळामास्तर. आमचे वस्ताद तेलाचा घाणा चालवत. ते मांडवात माझ्या शेजारीच बसले होते, त्यामुळं ते नाहीत असं छापणं जरा धाडसाचं होतं. मी कार्यक्रम घेऊन कार्यवाहांकडं गेलो.

“तुमचे ते गृहस्थ करतात काय?” त्यांनी विचारलं.

“घाणा चालवतात. आणि वीस वर्षं मल्लखांब शिकवतात.”

“मास्तर, मार्गदर्शक म्हणजे व्यायामाचं शास्त्र शिकलेला माणूस. विजयी संघाची ढाल आम्ही मार्गदर्शकाच्या हाती देतो. तिथं घाणेवाला कसा उभा करायचा? अर्थात तुमच्या बाबतीत तो प्रश्न येणार नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सौजन्यानं उच्चारलं, की एखाद्याला घरी पोचल्यावर राग आला असता. मला तिथंच आला.

परत येऊन मी ते गड्यांना सांगितलं. शिंपी म्हणाला, “लय झालं. आता ढाल घ्यायची, आन् ती वस्तादांच्याच हातात.”

“ढालीचं ऱ्हाऊ द्या रं,” वस्ताद म्हणाले. “पडू नगा म्हंजी झालं.”

मल्लखांबाला एरंडेल चोळतात. त्या दिवसांत आमच्याकडं एरंडेल औषधालासुद्धा मिळेना, म्हणून वस्ताद घाण्याच्या तळाचा गाळ आणून आमच्या खांबाला फासत. त्यावर माशी बसली तरी घसरायची. हाताचा काही उपयोग नव्हता. सगळी भिस्त मांडीच्या पकडीवर. दोन वर्षं आम्ही पडत होतो आणि गाव विचारत होतं, “काय रं गड्यांनो, आज किती जण तळले?”

सांगलीत आमची पाळी आली, तसे यजमान संघाचे दोन स्वयंसेवक एरंडेलाची वाटी घेऊन पुढं आले. बाकीच्यांच्या वेळी त्यांनी खांबाला नुसता हात फिरवला होता. आमच्या वेळी अख्खी वाटी रिकामी केली.

“पाहुण्यांच्या सोयीसाठी,” एक जण म्हणाला. दुसऱ्याला हसू आवरेना.

खांबावरून तेल ओघळत होतं. वस्ताद उठले, त्यांनी खांबाला दोन बोटं लावली, एकमेकांवर घासली आणि आमच्याकडं वळून म्हणाले, “घरच्यावानी हाय.”

आमच्यातला एकही पडला नाही. शिंपी तर वरच्या बोंडावर पोट टेकवून, हातपाय पसरून असा स्थिर राहिला, की मांडवातल्या बाया त्याला उतरायला सांगू लागल्या.

आमच्यानंतर एकटा यजमान संघ उरला होता. त्यांनी खांब फडक्यानं तीनदा पुसला. पण घोटलेल्या शिसवावरचं तेल फडक्याला दाद देत नाही. त्यांचा सगळ्यात नावाजलेला गडी उडी मारून वर गेला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली आला. त्याच्यामागून आणखी दोघे. वाटी कुणी रिकामी केली, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

आमचा पहिला नंबर जाहीर झाला. अध्यक्ष म्हणाले, “आज दैवानं आमच्या खेड्यातल्या बांधवांना हात दिला.” दैव! दोन वर्षं सालं निघाली ती आमच्या मांड्यांची, दैवाची नव्हेत.

मग त्यांनी कार्यक्रम डोळ्यांजवळ धरला, रेघेपाशी अडखळले आणि म्हणाले, “मार्गदर्शक नसल्यानं संघातल्या ज्येष्ठानं ढाल घ्यावी.”

ज्येष्ठ मीच होतो. मी हललो नाही. “आमचे मार्गदर्शक इथं बसलेत,” मी म्हणालो. “त्यांना बोलावणार नसाल तर ढाल राहू द्या.”

कार्यवाह अध्यक्षांच्या कानाला लागले. मांडवात गलका झाला. शिंपी वस्तादांना म्हणाला, “आवं वस्ताद, उठा की!”

“मी कशाला? कागदावर न्हाई मी.”

“खांबावर हाय न्हवं!”

व्यासपीठावरचा चहा निवत होता. शेवटी अध्यक्षांनीच हात पुढं करून त्यांना बोलावलं. वस्तादांनी धोतराला बोटं पुसली, पण तेल ते; ढाल घेताना अध्यक्षांच्या रेशमी बाहीवर दोन बोटं कायमची उमटली.

काही महिन्यांनी स्पर्धेचा अहवाल आला, त्याच गुळगुळीत कागदावर. विजयी संघ आमचा, मार्गदर्शक आडवी रेघ. वस्तादांना वाचता येत नव्हतं. “आता तरी लिवलंय का?” त्यांनी विचारलं. मी त्या रेघेवर बोट ठेवून त्यांचं पूर्ण नाव वाचून दाखवलं.

त्यांनी माझं बोट बाजूला केलं. “वाचता येत न्हाई गड्या, पण रेघ कळती मला.”

मग त्यांनी अहवालाचं ते पान फाडलं आणि त्यानं आमच्या खांबावरचा जादा गाळ निपटून काढला. “चला,” ते म्हणाले, “चढा.”