कड्याची सोयरीक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसराच विषय निघतो — आणि तो मीच काढतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जमतंय की काय, कोण जाणे.

मी आमच्या साहेबांचा पीए. साहेब तेव्हा आमदार होते, मंत्री व्हायचे होते. आमदाराचा पीए म्हणजे काय? फोन उचलायचे, दौरे आखायचे, आणि कोण कुणाच्या गाडीत बसलं ते लक्षात ठेवायचं. साहेबांचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता. होता तो एकाच माणसावर — गुरुजींवर.

गुरुजी सिरसाळ्याचे, निवृत्त शिक्षक. साहेबांना शाळेत त्यांनीच शिकवलेलं. पहिल्या निवडणुकीपासूनची सगळी भाषणं त्यांच्या हातची. गुरुजी बौद्ध. साहेबांच्या भावकीला ते आधीपासून खुपायचं. तोंडावर 'गुरुजी, गुरुजी', आणि पाठ फिरली की... जाऊ द्या. मला खुपत नव्हतं. पण इतरांना खुपतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या साली साहेब पक्ष बदलणार होते. पलीकडून मंत्रिपदाचा शब्द आला होता. हे ठाऊक असलेले आमच्याकडे तिघंच — साहेब, गुरुजी आणि मी. आणि चार दिवस आधी बातमी फुटली. पलीकडच्यांनी हात वर केले. मंत्रिपद गेलं.

कुणी फोडली?

मी. धर्मापुरीला एका लग्नात माझा साडू चारचौघांत म्हणाला, "पीए म्हंजे बॅगा उचलणाराच की बे!" सगळे हसले. मला लागलं. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "आठ दिवस थांब, मंत्र्याचा पीए म्हणशील." त्यानं खोदून विचारलं, मी सांगत गेलो. साडू विरोधी गटात उठतो-बसतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं की.

बातमी आली त्या दिवशी मी साहेबांबरोबर गाडीत होतो. परळीच्या अलीकडे साहेब म्हणाले, "दिगंबर, तिघंच होतो आपण. मी सांगितलं न्हाई. मग?"

काय बोलायला हवं होतं? मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मला काय म्हाईत, साहेब... गुरुजी परवा कड्याला गेलते म्हणं."

कडा म्हणजे विरोधी गटाचं गाव. पण खोटं नव्हतं. गेले होते — मुलीची, वैशालीची, सोयरीक जमवायला. मला त्यांनीच फोन करून सांगितलं होतं, किती आनंदानं! मुलाचे मामा विरोधी गटाचे आहेत, हेही त्यांनीच हसत सांगितलेलं. मी सोयरीक गाळली. कडा तेवढं ठेवलं.

पुढचं काम भावकीनं केलं — गुरुजींनीच बातमी फोडली, हे साहेबांच्या मनात पक्कं भरवलं. करणार, हे मी ओळखून होतो — म्हणूनच तर ते नाव जिभेवर आलं ना?

साहेबांनी गुरुजींना काही विचारलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. भाषणं मी लिहू लागलो. गुरुजी तीनदा बंगल्यावर आले, आणि तिन्ही वेळा मीच बाहेर जाऊन सांगितलं — साहेब बैठकीत आहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात धरला. "दिगंबर, साहेब माझ्याशी कावून बोलंना गेलेत? तुला कळलं तर सांग रे."

"सांगतो, गुरुजी."

आमदाराची खप्पामर्जी झालेल्या घरातली मुलगी कोण करणार? कड्याहून निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. वैशालीनं पुढं लग्न केलंच नाही. साहेब पुढच्या खेपेला मंत्री झाले, आणि मी मंत्रालयात गेलो.

मागच्या वर्षी गुरुजी वारले. आम्ही सिरसाळ्याला भेटायला गेलो. निघताना वैशाली मला म्हणाली, "काका, बाबा तुमचं लई नाव काढायचे. बंगल्यावर तुमीच तेवढं नीट बोलायचात म्हणून." मी चप्पल घालत होतो. मान वर केली नाही.

गाडीत साहेब एकाएकी म्हणाले, "गुरुजी तसं करतील असं आता वाटंना गेलंय. कड्याचं तूच म्हणला होतास ना?"

ते समोर बघत होते की माझ्याकडे? मी बघितलं नाही.

"जुनी गोष्ट हाय, साहेब. आता कशाला?"

"हं," म्हणाले.

हल्ली फोन आला की साहेब माझ्यासमोर बोलत नाहीत, उठून बाहेर जातात. आले की मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत बसतो. संशय आला असेल का?

पण त्या दिवशी, सिरसाळ्याहून निघताना, गाडीत सांगता आलं असतं. गुरुजी गेले होते, साहेबांना हवं ते मिळून गेलं होतं. फार तर मला काढलं असतं. वैशालीचं घर अजून मागं दिसत होतं.

मी सांगितलं नाही.